जावेद आबिदी यांचा आदर कशासाठी करावा?

२००१ सालच्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते सहभागी झाले, त्यांचा एकोणसाठावा वाढदिवसही मुंबईतच साजरा झाला आणि तेथून ते दिल्लीला गेले. दिल्लीतील ऐतिहासिक वास्तू पाहण्याची त्यांची इच्छा होती. पण कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लाल किल्ला आणि जंतरमंतर या ठिकाणी चाकाच्या खुर्चीतून फिरता येईल अशी सोय नव्हती. जावेद आबिदी या अपंग हक्कांच्या कार्यकर्त्याने हा प्रश्न लावून धरला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने या चारही ठिकाणी तात्पुरते लाकडी रॅम्प बसवले. वर्षानुवर्षे ज्याचा कोणी विचारही केला नव्हता, ते काम एका पाहुण्यासाठी पाहता पाहता झाले.

आबिदी स्वतः चाकाची खुर्ची वापरत असत. त्यांच्यासारखे हजारो भारतीय नागरिक या वास्तूंच्या पायऱ्यांपाशी येऊन परत फिरत होते, आणि त्यांच्यासाठी कोणाला फळ्या टाकाव्याशा वाटल्या नव्हत्या. हॉकिंग यांच्याविषयी साऱ्या जगाला आदर होता. हा थोर शास्त्रज्ञ आपल्या दारात अडकून पडला तर आपली शोभा होईल, हे सरकारी अधिकाऱ्यांनाही कळत होते. आबिदी यांनी त्या आदराचा उपयोग करून घेतला आणि त्यातून एक गोष्ट कायमची सिद्ध केली. पैसा, तंत्रज्ञान किंवा वास्तूचे पावित्र्य यांपैकी कोणतीच अडचण खरी नव्हती, कारण ठरवल्यावर काम झाले. एका माणसाविषयीच्या आदरातून चार रॅम्प मिळतात. ते रॅम्प सर्वांसाठी आणि कायमचे हवे असतील तर कायदा, अंदाजपत्रकात तरतूद आणि त्यामागे सतत लागणारी माणसे हवीत. आबिदी यांनी आपले आयुष्य या दुसऱ्या कामात घातले. म्हणूनच त्यांच्यासारख्या माणसाचा आदर करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अपंग व्यक्तींचे कौतुक करण्यात आपला समाज मुळीच कंजूष नाही, परंतु त्या कौतुकाचा रोख बहुतेक वेळा चुकलेला असतो, असे माझे मत आहे.

हा रोख कसा चुकतो, त्याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांना भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली. परंतु पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना ती नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, देशात १२४वा क्रमांक मिळवला आणि त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. त्यानंतर वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्यांच्यावर जो गौरवाचा वर्षाव केला, तो सर्वस्वी योग्यच होता. मात्र त्यातील बहुतेक मजकुराचा सूर त्यांच्या जिद्दीचा, अंधारावर मिळवलेल्या विजयाचा आणि इतरांनी घ्यायच्या स्फूर्तीचा होता. देशातील अतिशय अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला आधी निवडायचे आणि मग ज्या कारणाची कल्पना पहिल्या दिवसापासून होती तेच पुढे करून नाकारायचे, हा व्यवहार कोणत्या नियमात बसला आणि तो नियम पुढे बदलला का, हे विचारण्याची निकड फार थोड्यांना वाटली. उमेदवाराची जिद्द ठळक मथळ्यात आली आणि नकार तपशिलात गेला. अशा कौतुकातून नकळत एक धडा शिकवला जातो: खरी जिद्द असेल तर अडथळे आपोआप दूर होतात. मग ज्यांचे अडथळे दूर झाले नाहीत त्यांच्याविषयी काय म्हणायचे, हे न बोलताही ठरून जाते.

आबिदी यांच्या आयुष्याची गोष्टही अशा पद्धतीने सहज सांगता आली असती. त्यांचा जन्म १९६५ सालचा, अलीगढचा. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे पंधराव्या वर्षापासून त्यांना चाकाची खुर्ची वापरावी लागली. अमेरिकेतील ओहायो राज्यात राइट स्टेट विद्यापीठात त्यांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतले. हे विद्यापीठ अपंग विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी त्या काळीही ओळखले जात असे आणि तेथील इमारती भुयारी मार्गांनी जोडलेल्या होत्या. १९८९ साली ते भारतात परतले. स्वतंत्र पत्रकार म्हणून त्यांनी काम केले, आणि १९९३ च्या सुमारास सोनिया गांधी यांच्या सूचनेवरून राजीव गांधी प्रतिष्ठानाचा अपंगविषयक विभाग सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. येथवरची हकीकत एका यशस्वी माणसाची आहे. आपल्या खुर्चीतून, आपल्या शिक्षणाच्या आणि ओळखींच्या बळावर, पत्रकार म्हणून त्यांनी उत्तम आयुष्य काढले असते, तरी त्यांच्यावर लेख आले असते, सत्कार झाले असते.

त्यांनी वेगळी वाट धरली. डिसेबल्ड राइट्स ग्रुप या गटात त्यांनी निरनिराळ्या प्रकारचे अपंगत्व असलेल्या माणसांना एकत्र आणले. ही गोष्ट आज साधी वाटेल, पण त्या वेळी तशी नव्हती. तोवर अंध व्यक्तींच्या संघटना वेगळ्या होत्या, कर्णबधिरांच्या वेगळ्या. अस्थिव्यंग असलेल्यांसाठीच्या संस्था वेगळ्या, कुष्ठमुक्तांसाठीच्या त्याहून निराळ्या. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या वतीने तर त्यांचे पालकच बोलत, आणि मनोरुग्णांना कोणीच आपल्यात घेत नव्हते. प्रत्येकाची मागणी स्वतंत्रपणे सरकारदरबारी जाई आणि स्वतंत्रपणे बाजूला ठेवली जाई. चाकाच्या खुर्चीवरील माणसाने ब्रेल लिपीसाठी आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी भांडावे, म्हणजेच ज्या सोयीचा स्वतःला काडीचाही उपयोग नाही ती आपली मागणी मानावी, या विचारात मला आबिदी यांच्या मोठेपणाचे मूळ दिसते. स्वतःच्या दुःखातून इतरांविषयी कणव निर्माण होणे स्वाभाविक आहे. आपल्याला न भोगावे लागलेले दुःख समजून घेऊन त्याच्यासाठी मसुदे लिहिणे, बैठकांना जाणे आणि निवेदने देणे यासाठी मात्र शिस्त आणि अभ्यास लागतो.

या एकजुटीतून १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा पुढे सरकला. आशिया-पॅसिफिक देशांनी १९९२ साली बीजिंगमध्ये केलेल्या जाहीरनाम्यावर भारताने सही केली होती आणि त्यानुसार कायदा होणे अपेक्षित होते. परंतु अपेक्षित असलेले कायदे संसदेच्या कामकाजात कसे मागे पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. अपंग कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, खासदारांना भेटले, आणि त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक संमत झाले. ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा अमलात आला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता, त्यांत कुष्ठमुक्त आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तीही होत्या. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. या यशाचे श्रेय एकट्या आबिदींना देणे योग्य होणार नाही. राष्ट्रीय अंध संघटनेने सत्तरच्या दशकापासून दिल्लीत आंदोलने केली होती, आणि १६ मार्च १९८० रोजी हक्क मागायला निघालेल्या अंध निदर्शकांवर पोलिसांनी लाठीमार केला होता. त्या लाठ्या खाल्लेल्या माणसांची नावे कोणत्याही गौरवग्रंथात सापडत नाहीत. आबिदी यांचा आदर करताना त्यांच्या आधी चाललेल्या या माणसांचा विसर पडला, तर तो आदर अपुरा आहे असे मी म्हणेन.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे आबिदी यांनी मानले नाही. त्यांच्या कामाचा खरा नमुना पाहायचा असेल तर विमानप्रवासाविषयीची त्यांची याचिका पाहावी. विमानाच्या आतील वाट इतकी अरुंद असते की नेहमीची चाकाची खुर्ची तिच्यातून जाऊ शकत नाही. त्यासाठी आइल चेअर नावाची अरुंद खुर्ची लागते, आणि जमिनीवरून विमानाच्या दारापर्यंत खुर्चीसह वर नेणारी अॅम्ब्युलिफ्ट लागते. ही दोन साधने नसतील तर प्रवाशाला माणसांनी उचलून, जिन्यावरून, साऱ्यांच्या देखत वर न्यावे लागते. पडण्याची भीती, अनोळखी हातांचा स्पर्श आणि पाहणाऱ्यांच्या नजरा हे सारे तिकिटाच्या पैशांतच आले. आबिदी यांनी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १७ डिसेंबर १९९८ रोजीच्या निकालात न्यायालयाने या सोयींचा प्रश्न तर हाताळलाच, शिवाय अंध प्रवाशांना इंडियन एअरलाइन्समध्ये मिळणारी ५० टक्के सवलत ८० टक्के किंवा त्याहून अधिक अस्थिव्यंग असलेल्यांनाही द्यावी, असा आदेश दिला. ८० टक्क्यांची ती रेषा मला आजही खटकते. ७० टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला जिना कमी उंच नसतो. तरीही एका माणसाच्या अवमानाचे रूपांतर सर्वांना मागता येईल अशा हक्कात झाले, हे या निकालाचे महत्त्व आहे.

त्यानंतर चौदा वर्षांनी काय घडले, तेही येथेच सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०१२ मध्ये जिजा घोष या सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर मर्यादा आणणारी स्थिती) असलेल्या कार्यकर्त्या कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या अडॅप्ट या संस्थेने अपंग हक्कांवर भरवलेल्या परिषदेचे त्यांना आमंत्रण होते. विमानात बसल्यानंतर त्यांना खाली उतरवण्यात आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि मानवी प्रतिष्ठेविषयी परखड शब्दांत लिहिले. आबिदी यांचा निकाल कायद्याच्या पुस्तकात होता, जिजा घोष यांची जागा विमानात होती, आणि या दोहोंमध्ये माणसांच्या समजुती उभ्या होत्या. हक्कांसाठी झटणाऱ्या माणसाचे काम किती हळू पुढे सरकते आणि मिळवलेली एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा कशी मिळवावी लागते, हे या दोन खटल्यांमधून कळते.

मला स्वतःला आबिदी यांच्या कामातला सर्वांत दूरदृष्टीचा भाग जनगणनेचा वाटतो. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाविषयी प्रश्न होता. १९९१ मध्ये तो वगळण्यात आला. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरता येत नाही, आणि किती शाळांत ब्रेल पुस्तके लागतील किंवा किती तालुक्यांत कृत्रिम अवयवांची केंद्रे लागतील, हे सांगता येत नाही. २००१ च्या जनगणनेतही हा प्रश्न येण्याची चिन्हे दिसत नव्हती. आबिदी आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी निवेदने दिली, निदर्शने केली आणि प्रश्न समाविष्ट करून घेतला. त्या जनगणनेत २ कोटी १९ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०११ मध्ये हा आकडा २ कोटी ६८ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्क्यांवर गेला. प्रत्यक्ष संख्या याहून पुष्कळ अधिक असणार, असे या क्षेत्रातील बहुतेकांना वाटते. परंतु अपुरा का होईना, आकडा हाती आल्यामुळे पुढचे बोलणे शक्य झाले. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवून घेण्यासाठी झटणाऱ्या माणसावर चित्रपट निघत नाही, शाळेच्या फळ्यावर त्याचे सुविचार लिहिले जात नाहीत. माझ्या दृष्टीने आबिदी यांच्याविषयीचा आदर येथूनच सुरू व्हायला हवा.

रोजगाराच्या बाबतीतही त्यांची पद्धत तीच होती. अपंग व्यक्तींच्या रोजगारासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचे ते संचालक होते. या केंद्राने १९९९ साली देशातील आघाडीच्या शंभर कंपन्यांची पाहणी हाती घेतली. उत्तर देणाऱ्या कंपन्यांत अपंग कर्मचाऱ्यांचे सरासरी प्रमाण ०.४ टक्के निघाले. खासगी कंपन्यांत ते ०.२८ टक्के आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांत अवघे ०.०५ टक्के होते. समारंभांत अपंगांच्या क्षमतेविषयी बोलणाऱ्यांपुढे हे आकडे ठेवल्यावर भाषण लांबवता येत नाही. २००४ साली, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, आबिदी यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले पत्र याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले आणि मतदान केंद्रांवर तात्पुरते लाकडी रॅम्प उभारण्याचे आदेश निघाले. पुढे मतदान यंत्रावर ब्रेल आकडेही आले. आज आपल्या गावातील शाळेत मतदानाच्या दिवशी दिसणारा रॅम्प कोणाच्या दयेतून आलेला नाही.

आबिदी यांच्याविषयी घेतले जाणारे आक्षेपही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की त्यांना सारे काही अनुकूल होते: परदेशी शिक्षण, सफाईदार इंग्रजी, दिल्लीतील वास्तव्य आणि सत्तेच्या अगदी जवळच्या ओळखी. बीड किंवा गडचिरोलीतील एखाद्या पोलिओग्रस्त मुलीला यातले काहीच मिळत नाही. हे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही ज्यांच्याकडे ही अनुकूलता असते त्यांतील बहुतेक माणसे ती स्वतःची अडचण सोडवण्यासाठी वापरतात. आपल्यासाठी गाडी दारापर्यंत येईल, आपल्या मुलाला शाळेत प्रवेश मिळेल, एवढे पाहतात. आबिदी यांनी आपल्या ओळखींचा उपयोग करून जो कायदा पुढे रेटला, तो त्या गडचिरोलीच्या मुलीलाही लागू होतो. तिला त्याचा लाभ अजून पुरेसा मिळत नसेल, तर तो दोष त्यांच्या पश्चात काम करायला हव्या असलेल्या आपल्या सर्वांकडे येतो.

दुसरा आक्षेप त्यांच्या स्वभावाविषयी आणि निर्णयांविषयी आहे. ते वादात मागे हटत नसत आणि सहकाऱ्यांशीही त्यांचे तीव्र मतभेद झाले. २०१४ च्या आरंभी नव्या कायद्याचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, तेव्हा अपंग हक्कांच्या चळवळीत उघड फूट पडली. विधेयकातील तरतुदी मूळ मसुद्यापेक्षा पातळ झाल्या आहेत, म्हणून ते अडवले पाहिजे, असे अनेक संघटनांचे म्हणणे होते. जे मिळते आहे ते पदरात पाडून घेऊन पुढे दुरुस्त्या मागाव्यात, अशी आबिदी यांची बाजू होती. त्या वादात विरोध करणाऱ्यांची भीती मला बरीचशी रास्त वाटते. विधेयक थांबले, त्यात बदल झाले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये जो कायदा संमत झाला त्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता मिळाली, नोकरीतील राखीव जागा ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के झाल्या. वाट पाहण्याचा फायदा झाला, असे यावरून म्हणता येईल. पण विधेयक सतत चर्चेत ठेवण्यात आबिदी यांचा वाटा मोठा होता, हेही तितकेच खरे आहे. ज्या माणसाचा आपण आदर करतो त्याचा एखादा निर्णय आपल्याला पटला नाही, म्हणून आदर कमी होत नाही. उलट अपंग व्यक्तीशी बरोबरीच्या नात्याने वाद घालणे, तिचे म्हणणे खोडून काढण्याइतके गंभीरपणे घेणे, हा आदराचाच भाग आहे. ज्यांना आपण केवळ स्फूर्तिस्थान मानतो त्यांच्याशी आपण कधी वाद घालत नाही, कारण त्यांच्या मताची आपल्याला गरजच वाटत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे सेवेची परंपरा मोठी आहे. माळरानावर संस्था उभी करणारा, निराधारांना आसरा देणारा माणूस आपल्याला चटकन कळतो आणि आपण त्याच्यापुढे मनापासून नतमस्तक होतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी अर्धांगवायूने खुर्चीवर आणले. पुढे त्यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा व रोजगार यांची व्यवस्था केली. नसीमादीदींविषयी महाराष्ट्राला वाटणारे प्रेम सर्वार्थाने योग्य आहे. मात्र हीच माणसे सेवेची भाषा सोडून हक्काची भाषा बोलू लागली की आपल्या कपाळाला आठी पडते. वसतिगृहासाठी देणगी मागणारी अपंग व्यक्ती आपल्याला वंदनीय वाटते, आणि आमच्या सोसायटीच्या दारात रॅम्प का नाही असे विचारणारी अपंग व्यक्ती भांडखोर वाटते. संस्था शंभर-दोनशे मुलांना आसरा देऊ शकते. त्या मुलांना बाहेर पडल्यावर एसटीत चढता आले पाहिजे, तहसील कचेरीच्या पहिल्या मजल्यावर जाता आले पाहिजे, बँकेत खाते उघडता आले पाहिजे. संस्थेतील माया आणि रस्त्यावरचा हक्क या दोन्ही गोष्टी लागतात, आणि दुसरीसाठी लढणाऱ्या माणसाला पहिलीसाठी झटणाऱ्या माणसाइतकाच मान मिळायला हवा. तो अजून मिळत नाही.

असा मान द्यायचा म्हणजे काय करायचे, याचे उत्तर भाषणांत सापडणार नाही. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंग व्यक्तींसाठी खर्च करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी ती कशावर खर्च केली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचे काम कोणीही करू शकते, आणि ते काम एकट्या अपंग व्यक्तीवर सोडून देणे हा तिच्यावर टाकलेला आणखी एक भार आहे. रॅम्पची उंची आणि लांबी यांचे प्रमाण साधारण एकास बारा असावे लागते. एक फूट चढण्यासाठी बारा फूट उतार. आपल्या नाट्यगृहांत, वाचनालयांत आणि मंगल कार्यालयांत कंत्राटदाराने टाकलेले अनेक उतार इतके खडे असतात की त्यांवरून खुर्ची एकट्याने चढवणे धोक्याचे ठरते. ते मोजून पाहायला मोजपट्टीपेक्षा अधिक काही लागत नाही. साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीतून जाता यावे आणि उद्घाटनाचे भाषण सांकेतिक भाषेतही व्हावे, ही मागणी आयोजकांकडे करायला अपंग असण्याची अट नाही.

न्यायालयीन लढ्यांची गती पाहिली तर या पाठिंब्याची निकड कळते. विधी महाविद्यालयांतील राखीव जागा आणि शैक्षणिक संस्थांतील सुगमता (अपंग व्यक्तींना सहज वावरता येईल अशी सोय) यांविषयी आबिदी यांच्या गटाने २००६ साली केलेल्या याचिकेचा निकाल १५ डिसेंबर २०१७ रोजी लागला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ मार्च २०१८ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी आबिदी गेले. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने सार्वजनिक ठिकाणांच्या सुगमतेविषयी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला. सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक स्वरूपाचे ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि बंधनकारक निकष ठरवण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. एकोणीस वर्षे चाललेल्या या प्रकरणात सरकारने काय केले, हे विचारण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे; तो वापरला गेला नाही, तर पुढच्या याचिकाकर्त्यालाही आपली उमेदीची वर्षे न्यायालयाच्या तारखांत घालवावी लागतील.

आता २०२७ ची जनगणना होऊ घातली आहे. २०११ मध्ये अपंगत्वाचे आठ प्रकार नोंदवले गेले होते. २०१६ च्या कायद्याने २१ मान्य केले आहेत. स्वमग्नता, थॅलेसीमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार, अॅसिड हल्ल्यातून आलेले अपंगत्व, पार्किन्सन यांची नावे कायद्यात आहेत, आणि ती प्रश्नावलीत तसेच प्रगणकाच्या प्रशिक्षणातही असायला हवीत. सिकल सेलचा प्रश्न तर विदर्भातील आणि नंदुरबारमधील आदिवासी कुटुंबांचा रोजचा प्रश्न आहे. त्याशिवाय, दारात आलेल्या प्रगणकाला घरातील अपंग मुलीचे नाव सांगताना तिच्या लग्नाच्या किंवा भावंडांच्या स्थळांच्या काळजीने पुष्कळ कुटुंबे अपंगत्वाचा रकाना कोरा ठेवतात. त्यांना विश्वासात घेण्याचे काम प्रगणक येण्याच्या आधी, गावोगावच्या शाळांतील शिक्षकांनी, आशा सेविकांनी, अंगणवाडी ताईंनी आणि शेजाऱ्यांनी करायचे आहे, आणि त्यासाठी हाती असलेला वेळ फार थोडा आहे.